आधी मागे पैसा, तो सावकार कैसा?

कर्ज मंजूर झाल्याचे सांगून आगाऊ पैसे उकळणाऱ्यांपासून सावध राहण्याबाबत



ऊस हे पैसा देणारे पीक खरे, पण तो पैसा वर्षातून एकदा आणि आडसाली असेल तर अठरा महिन्यांनी हाती येतो. घरखर्च काही तेवढा काळ थांबून राहत नाही. जूनमध्ये मुलांच्या प्रवेशाची फी भरावी लागते. विहिरीवरची मोटर जळते ती ऐन उन्हाळ्यात. लग्नाचा मुहूर्त ऊसबिलाची तारीख विचारून निघत नाही आणि दुखणे तर कोणालाच सांगून येत नाही. पीक कर्ज बेण्याला, खताला आणि मशागतीला गेलेले असते. अशा वेळी लाख-दोन लाखांचे वैयक्तिक कर्ज कोठून तरी उभे करावे असे मनात आले, तर त्यात गैर काहीच नाही. कर्ज काढणे हा गुन्हा नव्हे, तसा कमीपणाही नव्हे.

पण अशाच अडचणीच्या वेळी मोबाईलवर एखादा फोन येतो किंवा व्हॉट्सॲपवर एक पत्र येते. तीन लाखांचे कर्ज मंजूर झाले, जामीनदार नको, सातबारा नको, सिबिल पाहणार नाही, एका दिवसात पैसे खात्यात! फक्त फाईल चार्ज म्हणून थोडीशी रक्कम आधी भरायची. आणि ही थोडीशी रक्कम भरण्यापासूनच माणूस फसायला लागतो. ही फसवणूक आता शहरापुरती राहिलेली नाही. ज्याच्या हातात मोबाईल आहे आणि ज्याच्या खात्यावर चार पैसे आहेत, त्या प्रत्येकाच्या दारात ती आलेली आहे. सबब या अंकात या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करावयाचा आहे.

सगळे वाचायला सवड नसेल, त्यांनी एवढे एकच वाक्य ध्यानात ठेवावे : जो खरोखर कर्ज देणार आहे तो आधी पैसे देतो आणि आपला खर्च त्यातून कापून घेतो. जो आधी पैसे मागतो त्याला कर्ज द्यायचेच नसते.

जुनी मनोती आणि नवी मनोती

आपल्या भागाला सावकारी नवी नाही. जुन्या दप्तरांतून ‘मनोती’ हा शब्द भेटतो. कर्ज देतेवेळी सावकार व्याजाखेरीज जी रक्कम आधीच कापून ठेवी, ती मनोती. कागदावर मुद्दल शंभर लिहायचे आणि कुळाच्या हातात त्याहून कमी ठेवायचे, ही त्या काळची रीत. व्याज मात्र शंभरावरच चढायचे. या आणि अशा जाचाला कंटाळून १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकरी उठले आणि त्यांनी सावकारांच्या घरांतील कर्जरोखे काढून जाळले. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या या उठावाला इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. त्यानंतर १८७९ साली शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला, १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला आणि पुढे १९५० मध्ये प्रवरेकाठी लोणीला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांनी जो मार्ग घालून दिला, त्याच मार्गावरचे आपण वाटसरू आहोत. शेतकऱ्याची पत ही कोणाच्या मेहेरबानीवर असू नये, एवढ्याचसाठी हा सारा खटाटोप झाला.

आता गंमत पाहा. तो जुना सावकार कितीही कठोर असला, तरी त्याला मनोती कापायची तर आधी थैली सोडावी लागे. शंभरातले दहा-पाच त्याने ठेवून घेतले, तरी बाकीचे कुळाच्या पदरात पडत. आजचा हा फोनवरचा सावकार थैली सोडतच नाही. त्याच्याजवळ थैलीच नसते. तो नुसतीच मनोती घेतो, एकदा नव्हे, पाच-पाचदा घेतो आणि पसार होतो.

उसाच्या धंद्यात असलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. उचल घेतली आणि टोळी आलीच नाही, हा अनुभव वाहतूकदार मंडळींना चांगला ठाऊक आहे. तिथे निदान मुकादमाचे गाव माहीत असते. इथे समोरच्या माणसाचे नावही खरे नसते.

फोनवरचे कर्ज ‘मंजूर’ कसे होते?

या मंडळींची पद्धत ठरलेली असते. उदाहरणादाखल असे समजा, की एका सभासदाला तीन लाखांची गरज आहे. त्याने मोबाईलवर कर्जाची एक जाहिरात पाहिली आणि त्यात आपले नाव व नंबर भरला. तासाभरात फोन येतो. बोलणारा गोड बोलतो, ‘दादा’, ‘काका’ म्हणतो, एखाद्या नामांकित बँकेचे किंवा वित्त कंपनीचे नाव सांगतो. आधार कार्ड, पॅन कार्ड, पासबुकाचे पहिले पान आणि फोटो मागवून घेतो.

दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर मंजुरीपत्र येते. वर बोधचिन्ह, खाली शिक्का, सही, हप्त्याचा तक्ता, सगळे जागच्या जागी. सोबत त्या ‘अधिकाऱ्याचे’ ओळखपत्रही असते. पुढचे संभाषण साधारण असे होते :

“काका, तुमचं लोन पास झालंय. फक्त फाईल चार्ज २,१५० रुपये भरा, चार वाजेपर्यंत पैसे खात्यात.”

ते भरले की संध्याकाळी पुन्हा फोन. “काका, कर्जाचा विमा काढावा लागतो, नियमच आहे. ७,८०० रुपये. हे पैसे कर्जासोबत तुम्हाला परत मिळतील, बरं का.”

तेही भरले. मग जीएसटीचे ९,६००. मग “रिझर्व्ह बँकेचा ना हरकत दाखला अडकलाय” म्हणून १२,४५०. आणि शेवटी ठेवणीतला डाव : “काका, तुम्ही खाते नंबर चुकीचा दिला, त्यामुळे तुमचे तीन लाख मध्येच अडकले. ते सोडवायला १५,००० भरावे लागतील. नाही भरले तर हप्ते मात्र सुरू होतील.”

बेरीज करून पाहा. २,१५० आणि ७,८०० मिळून ९,९५०. त्यात ९,६०० मिळवले की १९,५५०. दाखल्याचे १२,४५० धरून ३२,००० आणि शेवटचे १५,००० धरून ४७,०००. टनाला ३,००० रुपये हाती येतात असे धरले, तर हा पंधरा-सोळा टन उसाचा पैसा झाला. नांगरटीपासून तोडणीपर्यंतचे कष्ट आपले, आणि ऊस गेला तो न पाहिलेल्या माणसाच्या घरी. कर्जाचा एक रुपया तर आलाच नाही. उलट ज्या अडचणीसाठी कर्ज हवे होते ती अडचण तशीच राहिली आणि तिच्यावर ४७,००० रुपयांची नवी अडचण चढली.

शहाणा माणूसही का फसतो?

हे ऐकून ‘असा कसा हा भोळा?’ असे कोणी म्हणेल. पण तसे म्हणणे बरोबर नाही. फसणारे भोळेच असतात असे नव्हे. शिकलेले, नोकरी करणारे, व्यवहारात मुरलेले लोकही यात सापडतात. त्याची कारणे समजून घेतली पाहिजेत.

एक तर पहिली रक्कम मुद्दाम लहान ठेवलेली असते. तीन लाखांपुढे दोन हजार माणसाला काहीच वाटत नाहीत. दुसरे असे, की अर्जाची फी, स्टँप, झेरॉक्स, दाखला असा काही ना काही खर्च कोणत्याही कामात आधी करण्याची आपल्याला सवय आहे. त्यामुळे फाईल चार्ज म्हटले की मनाला खटकत नाही. तिसरे, आणि सर्वांत घातक : एकदा दोन हजार भरले की ते बुडू नयेत म्हणून माणूस आठ हजार भरतो. आठ बुडू नयेत म्हणून पुढचे दहा भरतो. पाणी लागेल या आशेने बोअर आणखी पन्नास फूट, आणखी पन्नास फूट खाली नेतात, त्यातलाच हा प्रकार. बोअरला निदान कधीतरी पाणी लागते. इथे खाली पाणी नाहीच.

आणि चौथे कारण म्हणजे लाज. कर्ज काढतोय हे घरात सांगितलेले नसते. फसलो हे तर त्याहून सांगवत नाही. ठकाला हे पक्के ठाऊक असते. म्हणूनच “कोणाला सांगू नका, ही खास योजना आहे” असे तो मुद्दाम बजावतो. माणूस एकटा राहिला पाहिजे, दुसऱ्या कोणाला विचारता कामा नये, यावरच त्याचा सगळा धंदा उभा असतो.

खरा खर्च कोणता?

आता कोणी म्हणेल, बँकासुद्धा प्रक्रिया शुल्क घेतातच की! घेतात. ते कसे घेतात, हे नीट पाहिले म्हणजे खरे-खोटे आपोआप निवडता येते.

समजा, एखाद्या बँकेने २ लाखांचे वैयक्तिक कर्ज मंजूर केले आणि प्रक्रिया शुल्क २ टक्के ठरले. म्हणजे ४,००० रुपये झाले. त्यावर १८ टक्के जीएसटी ७२० रुपये. एकूण ४,७२०. वैयक्तिक कर्जात ही रक्कम बहुधा कर्जातूनच वजा होते आणि आपल्या खात्यावर १,९५,२८० जमा होतात. आपल्या विविध कार्यकारी सोसायटीतही शेअर्सची कपात कर्जातूनच होते, हे प्रत्येक सभासदाला माहीत आहे.

रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून असा नियम केला आहे, की बँकेने किंवा वित्त कंपनीने असे कर्ज देण्यापूर्वी कर्जदाराला एक विवरणपत्र द्यावे. त्याला बँकेत ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ म्हणतात. व्याज, प्रक्रिया शुल्क, विमा आणि इतर सर्व खर्च धरून वर्षाला एकूण किती टक्के पडतात, हे त्यात लिहावे लागते. तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. या पत्रात नसलेला खर्च कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. म्हणजे आज फाईल चार्ज, उद्या विमा, परवा दाखला असे एकामागून एक खर्च निघत गेले, तर समोर बँक नाही हे ओळखावे.

मोबाईल ॲपवरून मिळणाऱ्या कर्जासाठीही रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम घातले आणि २०२५ मध्ये ते एकत्र करून पुन्हा जारी केले. त्यांतला मुख्य भाग असा, की कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या बँक खात्यात जमा झाली पाहिजे आणि मध्यस्थाची जी काही फी असेल ती बँकेने किंवा वित्त कंपनीने द्यावयाची आहे, कर्जदाराकडून परस्पर घ्यावयाची नाही. तेव्हा ‘मी एजंट आहे, माझे कमिशन आधी द्या’ म्हणणाऱ्याला सरळ नकार द्यावा.

याला एक अपवाद सांगून ठेवला पाहिजे, नाहीतर गैरसमज व्हायचा. घर, जमीन असे तारण देऊन मोठे कर्ज घेताना वकिलाचा सर्च रिपोर्ट, मूल्यांकन, मुद्रांक यांचा खर्च कर्ज हाती येण्यापूर्वी करावा लागतो. पण तो खर्च आपण बँकेच्या शाखेत, ओळखीच्या टेबलापाशी, पावती घेऊन करतो. फोनवरच्या माणसाने पाठवलेल्या नंबरवर करत नाही.

आणि शेतीसाठीच्या कर्जाबाबत एक उपयोगाची गोष्ट. किसान क्रेडिट कार्डावरील ३ लाखांपर्यंतच्या कर्जाचे प्रक्रिया, कागदपत्र आणि पाहणी यांचे शुल्क माफ करावे, असे बँकांच्या संघटनेने २०१९ साली आपल्या बँकांना कळविले. तेव्हा किसान क्रेडिट कार्ड काढून देतो म्हणून कोणी फोनवर हजारो रुपये मागू लागला, तर आधी बँकेत जाऊन विचारावे.

एक प्रश्न विचारून पाहा

खरे-खोटे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. तिला शिक्षण लागत नाही की इंग्रजी लागत नाही. समोरच्याने पैसे मागितले की त्याला एवढेच म्हणावे :

“साहेब, तुम्ही मला तीन लाख देणारच आहात. मग तुमचा जो काही खर्च असेल तो त्यातूनच कापून घ्या आणि उरलेले माझ्या खात्यावर टाका.”

खरी बँक असेल तर यात तिला काहीच अडचण नाही, ती तेच करते. ठक मात्र अडखळतो. “सिस्टीममध्ये तसं होत नाही”, “वरून ऑर्डर आहे”, “आज शेवटची तारीख आहे”, अशी उत्तरे सुरू होतात. थोडे आणखी ताणले की गोड आवाज कडक होतो. तो कडक झाला की समजावे, आपला प्रश्न वर्मी लागला. फोन ठेवावा आणि नंबर बंद करून टाकावा.

ओळखण्याच्या खुणा

पुढील खुणांपैकी एक जरी दिसली तरी थांबावे.

१. आपण अर्ज केलेला नसताना कर्ज ‘मंजूर’ होते. पेरल्याशिवाय उगवते ते तण, पीक नव्हे.

२. सिबिल पाहणार नाही, उत्पन्न विचारणार नाही, जामीनदार नको, असे एका दमात सांगितले जाते. ज्याला आपले पैसे परत हवे आहेत तो चौकशी केल्याशिवाय कर्ज देत नाही.

३. पैसे भरायला सांगितलेले खाते कंपनीचे नसून भलत्याच माणसाच्या नावाचे असते. यूपीआयने पैसे पाठवताना खातेदाराचे नाव पडद्यावर येते. ते वाचल्याशिवाय पिन दाबू नये. बँकेची फी एखाद्या अनोळखी माणसाच्या खात्यात का जावी, हा विचार करावा.

४. पैसे ‘मिळण्यासाठी’ पिन टाकायला, क्यूआर कोड स्कॅन करायला किंवा ओटीपी सांगायला लावतात. पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही.

५. घाई लावतात. ‘आज चारपर्यंत नाही भरले तर मंजुरी रद्द.’

६. सगळा व्यवहार व्हॉट्सॲपवर. कार्यालयाचा पत्ता विचारला तर मुंबई-दिल्लीचा सांगतात, भेटायला येतो म्हटले तर टाळतात.

७. नाव एखाद्या मोठ्या बँकेचे किंवा सरकारी योजनेचे असते, पण संकेतस्थळाच्या नावात एखादे अक्षर कमी-जास्त असते. बँकांनी आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या नावावर न्यावीत, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २०२५ साली दिला, तो या नकलांना आळा बसावा म्हणूनच. मात्र वित्त कंपन्यांना हे लागू नाही, हेही लक्षात असू द्यावे.

८. रिझर्व्ह बँकेचा शिक्का किंवा अधिकाऱ्याची सही दाखवतात. रिझर्व्ह बँक तुम्हा-आम्हाला कर्ज देत नाही, आपली खाती ठेवत नाही आणि कोणाच्या कर्जासाठी ना हरकत दाखल्याची फीही घेत नाही.

मुद्रा योजनेच्या नावाचा तर फारच गैरवापर होतो. ही योजना ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाली. तिच्या नावाने खोटी मंजुरीपत्रे पाठवून पैसे मागितले जातात आणि ती पत्रे बनावट असल्याचे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने वेळोवेळी जाहीर केले आहे. मुद्रा ही संस्था कोणाला थेट कर्ज देत नाही. ती बँकांना आणि वित्तसंस्थांना पुनर्वित्त पुरवते, कर्ज मिळते ते बँकेतून. आणि ते व्यवसायासाठी असते, लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी नव्हे. एवढे माहीत असले तरी असल्या पत्राचा फोलपणा दिसतो.

फोन खरा की खोटा हे पाहायचे असेल, तर फोन करणाऱ्याने दिलेल्या नंबरवर उलट फोन करून काही उपयोग नाही. तिथे त्याचाच भाऊबंद बसलेला असतो. त्या बँकेची जवळची शाखा गाठावी किंवा आपल्या पासबुकावर छापलेल्या नंबरवर विचारावे. वित्त कंपनी नोंदणीकृत आहे की नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर पाहता येते. नोंदणीकृत संस्थांच्या कर्ज ॲपची यादीही तिथे जुलै २०२५ पासून ठेवलेली आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना सांगितले तर पाच मिनिटांत पाहून देतील. पण यादीत नाव आहे म्हणून फोनवरचा माणूस त्याच कंपनीचा, असे मात्र समजू नये. नाव चोरणे त्यांना अवघड नाही.

फसवणूक झालीच तर

एवढे करूनही कोणी सापडलाच, तर डोक्याला हात लावून बसू नये आणि लाजूही नये. चोरी झाली तर चोराने लाजायचे, घरमालकाने नव्हे.

पहिली गोष्ट, ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. आर्थिक सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी हा राष्ट्रीय क्रमांक आहे. पैसे चोराच्या खात्यावरून पुढे सरकण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तर ते तिथेच गोठवता येतात. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात भराभरा हलवतात. म्हणून पहिला तास सोन्याचा. ‘उद्या सकाळी बघू’ म्हटले की पैसे गेलेच. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते.

दुसरी गोष्ट, आपल्या बँकेला कळवावे आणि तक्रारीची पोच घ्यावी. ओटीपी किंवा कार्डाचा तपशील दिला असेल तर कार्ड, यूपीआय बंद करून घ्यावे. मात्र हे समजून असावे, की पैसे आपणच पिन टाकून पाठवलेले असतात, त्यामुळे बँकेकडून भरपाई मिळणे कठीण जाते. म्हणूनच घाई महत्त्वाची.

तिसरी गोष्ट, संदेश, मंजुरीपत्र, फोन नंबर, व्यवहाराचा क्रमांक यांतले काहीही पुसून टाकू नये. संतापाच्या भरात व्हॉट्सॲपवरचे सगळे काढून टाकले, तर पुरावाच जातो. ते सगळे घेऊन पोलीस ठाण्यात जावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक हा गुन्हा आहे आणि फसवून मालमत्ता द्यायला लावली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

चौथी गोष्ट, आधार, पॅन यांच्या प्रती त्यांच्या हाती गेल्या असतील तर आधारचे बायोमेट्रिक बंद करून ठेवावे आणि काही महिन्यांनी आपल्या नावावर भलतेच कर्ज दिसत नाही ना, हे क्रेडिट अहवालात पाहावे. असा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळण्याची सोय आहे.

आणि पाचवी गोष्ट फार महत्त्वाची. काही दिवसांनी आणखी एक फोन येईल. “मी सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडले. कोर्ट फी ३,००० भरा, परत मिळवून देतो.” हाही त्याच टोळीतला किंवा तिच्याकडून आपला नंबर विकत घेतलेला दुसरा ठक असतो. पोलीस पैसे परत द्यायला फोनवर फी मागत नाहीत. धमकी आली, ‘हप्ते सुरू होतील, जप्ती येईल’ असे म्हणाले, तरी घाबरू नये. जे कर्ज खात्यावर आलेच नाही, त्याचा हप्ता नसतो.

गरज असेल तर कोठे जावे?

नुसते ‘फसू नका’ म्हणून भागत नाही. गरज तर खरी असते. तेव्हा पहिली पायरी आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीची आणि जिल्हा बँकेच्या शाखेची असू द्यावी. ओळखीच्या राष्ट्रीयीकृत बँकेत किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा वाढते का ते विचारावे. या कार्डाच्या मर्यादेत घरखर्चासाठीही थोडा वाटा धरलेला असतो, हे पुष्कळांना माहीत नसते. १ जानेवारी २०२५ पासून विनातारण शेतीकर्जाची मर्यादा १ लाख ६० हजारांवरून २ लाख झाली आहे. तातडीची गरज असेल तर सोने तारण कर्ज त्याच दिवशी मिळते. तेही बँकेत किंवा नोंदणीकृत संस्थेत, पावती घेऊन करावे. भगिनींनी आपल्या बचत गटाचा विचार करावा. गटाचे कर्ज लहान असते, पण ते आपल्याच बायकांचे आणि डोळ्यांसमोरचे असते.

बँक चार कागद मागते, दोन हेलपाटे मारायला लावते, कधी नाहीही म्हणते. त्याचा राग येतो, हे खरे आहे. पण जो कागद मागतो तो देणारा असतो. जो काहीच न मागता फक्त पैसे मागतो, तो नेणारा असतो.

शेवटी एक विनंती

या ठकांना हवा असतो तो एकटा पडलेला माणूस. आणि माणसाला एकटा पडू न देणे हाच तर सहकाराचा अर्थ. म्हणून प्रत्येक सभासदाने एवढी शिस्त घालून घ्यावी, की कर्जासाठी कोणीही आधी पैसे मागितले, तर ते भरण्यापूर्वी दुसऱ्या एका माणसाला विचारायचे. घरातल्या माणसाला विचारा, सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा, शेतकी गट ऑफिसात स्लिपबॉयला विचारा, शेजारच्या मास्तरांना विचारा. दुसऱ्याच्या कानावर गोष्ट गेली की निम्मी फसवणूक तिथेच संपते.

आणि हा मजकूर वाचून झाला की अंक बाजूला ठेवू नका. घरात मोठ्याने वाचून दाखवा, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना आणि नुकतीच नोकरी शोधू लागलेल्या मुलांना, कारण फोन त्यांनाही येतात. १९३० हा आकडा भिंतीवर, कॅलेंडरच्या कोपऱ्यात, ऊस बिलाच्या पिशवीवर लिहून ठेवा. आपल्या घामाचा ऊस आपल्याच घरी साखर होऊन यावा, हीच सदिच्छा.